मेघपृष्ठावरची उष्टी

कृतयुग सरत आले होते, त्रेतायुग अजून उजाडायचे होते आणि त्या दोन युगांच्या सांध्यावर माणसाच्या ठायी काम होता, क्रोध होता, लोभानेही नुकतेच डोके वर काढले होते. परंतु किळस मात्र नव्हती. ब्रह्मदेवाने मनाच्या वृत्ती निर्माण केल्या, त्यांत जुगुप्सा ही सर्वांत धाकटी. तिच्या थोरल्या बहिणींना माणसाच्या हृदयात घरे मिळाली, हिला कोणी दारात उभे करीना. ज्या जगात कोणी काही टाकत नव्हते, गरजेपेक्षा जास्त शिजवत नव्हते, त्या जगात किळसेचे काम तरी काय होते? ती बिचारी सबंध कृतयुगभर आकाशात हिंडत राहिली आणि वाट पाहत राहिली. माणसाचा स्वभाव तिला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक होता, असेच आता म्हणावे लागते.

त्या काळी सह्यगिरीच्या पश्चिम कड्याला लागून मेघपृष्ठ नावाचा पर्वत होता. पायथ्याशी ऐन आणि किंजळ यांचे उंच वन, मध्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी यांची अशी दाट जाळी की माध्यान्हीचा सूर्यही तेथे चाळणीतून पडल्यासारखा पडे, आणि माथ्यावर विस्तीर्ण तृणभूमी. माथ्यावर उभे राहिले की पूर्वेला डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत गेलेल्या दिसत आणि पश्चिमेला, आकाश स्वच्छ असेल तर, सागराची बारीक रेघ. चढणाऱ्याच्या डोक्यावरून शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत, धनेश पक्षी पंखांचा फूत्कार करीत दरी ओलांडत, सांबरांचे कळप वाटेतून बाजूला होत नसत आणि गवा तर पांथस्थाकडे एकवार पाहून पुन्हा चरू लागे. माणसाचे भय त्या वनाला नव्हते. ते का नव्हते, याला कारण होते.

त्या पर्वताच्या माथ्यावर, खडकातून झिरपणाऱ्या एका झऱ्याजवळ, महर्षी दार्भायण राहत. त्यांनी घालून दिलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला एकच आचार होता. मेघपृष्ठावर चढणाऱ्याने दोन झोळ्या घ्याव्यात, एक शिध्याची आणि एक उष्ट्याची. जे खाऊन उरेल, जे सांडेल, जे पान जेवून झाल्यावर टाकावेसे वाटेल, ते सर्व ज्याचे त्याने आपल्या हाताने दुसऱ्या झोळीत भरावे आणि आपल्याच खांद्यावरून खाली न्यावे. यात सूट कोणालाही नव्हती. खुद्द इंद्र एकदा वेषांतर करून आला होता, तोही उतरताना खांद्यावर झोळी घेऊन उतरला, असे सांगतात.

आता सुभोगपुरीकडे वळू. मेघपृष्ठाच्या पूर्वेस दोन दिवसांच्या वाटेवर ही नगरी होती आणि राजा भद्रांगद तेथे राज्य करीत होता. राजा दुष्ट नव्हता. दानशूर होता, शूर होता, प्रजेवर माया करणारा होता. एवढेच की त्याच्या दारी विपुलतेला मोजमाप नव्हते. शंभर जेवणार असतील तर तीनशेंचा स्वयंपाक होई, कारण राजाच्या घरी अन्न उरले नाही तर लोक काय म्हणतील! उरलेले तटाच्या मागे जाई. ते नेणारे सेवक वेगळे होते. पिंगा नावाची एक प्रौढ स्त्री त्यांची नायिका होती. उष्टी काढायची, पाने उचलायची, खरकट्याची भांडी घासायची, तटामागच्या खड्ड्यात माती लोटायची, हे त्यांचे काम. त्यांनी राजमार्गाने जायचे नाही, देवालयाची पायरी चढायची नाही, असे राजपुरोहित अग्रशर्म्याने केव्हाच ठरवून टाकले होते. किळस अजून माणसाच्या हृदयात शिरायची होती. विटाळाचे नियम मात्र तिच्याआधीच येऊन बसले होते. पंडितांना कारणाची वाट पाहण्याची सवय नसते.

याच राजवाड्यात शुचिमती नावाची राजकन्या जन्मली आणि आकाशात भटकणारी जुगुप्सा तिच्या पहिल्या श्वासाबरोबर तिच्या हृदयात शिरली. सबंध पृथ्वीवर तिची सर्वांत जास्त गरज जेथे होती, तेथेच ती आली. झाले असे की सगळ्या सुभोगपुरीत त्या एका मुलीला घाणीचा वास येई. तुपात तळलेल्या पदार्थांमागून तिला तटामागच्या खड्ड्याचा वास येई, चंदनाच्या उटीखालून घामट अंगांचा, मंत्र्यांच्या गोड शब्दांबरोबर त्यांच्या न धुतलेल्या मुखांचा. घास तोंडाशी नेला की तिला ओकारी होई. बालपण कसेबसे दुधावर निघाले. पण सोळाव्या वर्षी दूधही पोटात टिकेना. हाडांवर कातडी राहिली. मानेच्या शिरा मोजता येऊ लागल्या. राजाने वैद्य आणले, त्यांनी काढे दिले आणि काढ्यांनी तिला आणखी ओकाऱ्या झाल्या. भद्रांगदाला ती एकुलती एक होती. तो रात्रंदिवस तिच्या उशाशी बसे, स्वतःच्या हाताने घास भरवू पाही, आणि ती त्याचा हात हलकेच दूर करी. तो हात कोणता वास घेऊन येतो हे सांगून पित्याला दुखवायचे तिच्या जिवावर येई.

शेवटी राजाने दार्भायणांकडे दूत धाडला. महर्षींनी उलट निरोप दिला की मुलीला मेघपृष्ठावर घेऊन यावे. तेथील वाऱ्यात ज्याला काही नासले म्हणता येईल असे काहीही नाही, तेथे ती खाईल आणि महिनाभर राहिली तर जगेल. पण आचार पाळूनच चढावे, दोन झोळ्या विसरू नयेत, हेही त्यांनी बजावले.

येथे शहाण्या माणसाने मुलीला पाठुंगळी घेऊन चालू लागायचे. पण राजे लोकांचे प्रेमसुद्धा लवाजम्याशिवाय घराबाहेर पडत नाही. महिनाभर राजा वर राहणार म्हणजे दरबार वर राहणार, दरबार जाणार म्हणजे मुदपाकखाना जाणार. आचारी निघाले, तुपाचे बुधले निघाले, भोई, भाट, नर्तकी आणि त्यांचे पाळीव पोपटही निघाले. मग पुढे प्रश्न उभा राहिला उष्ट्याच्या झोळीचा. राजाने स्वतःचे उष्टे स्वतःच्या खांद्यावर वाहावे? अग्रशर्मा नाकाने कांदे सोलीत म्हणाला की असे झाले तर राजपदच भ्रष्ट होईल. राजाचे उच्छिष्ट उचलण्याचा अधिकार त्या कामासाठी नेमलेल्या सेवकांचाच. सर्वांनी माना डोलावल्या. पिंगा आणि तिची माणसे टोपल्या घेऊन सर्वांच्या मागून निघाली. पर्वताच्या पायथ्याशी पोहोचल्यावर मात्र अग्रशर्म्याने हात आडवा केला. मेघपृष्ठ हा पवित्र पर्वत, महर्षींची तपोभूमी. उष्ट्याला लागलेले हात या भूमीला लागता कामा नयेत, असा निर्णय त्याने दिला. पिंगा आणि तिची माणसे तेथेच झाडाखाली बसली.

वाचकहो, जरा थांबून या दोन निर्णयांकडे पाहा. उष्टे उचलायचे ते केवळ यांनी, आणि वर चढायचे ते यांना सोडून सर्वांनी. दोन्ही निर्णय एकाच तोंडातून, एकाच दिवशी निघाले. आणि लवाजम्यातल्या त्या हजार माणसांत एकालाही त्यात काही खटकले नाही.

चढणीला आरंभ झाला. शुचिमतीने पालखी नाकारली. दहा पावले चालावे, झाडाला टेकावे, पुन्हा दहा पावले, अशी ती पुढे पुढे जात राहिली आणि लवाजमा मागे पडत गेला. जांभळीच्या वनात शिरल्यावर तिने आयुष्यात प्रथम खोल श्वास घेतला. ओल्या पाचोळ्याचा वास, सालीवरच्या शेवाळाचा, नुकत्याच तेथून गेलेल्या सांबराचा; यांतला एकही तिला नासका वाटेना. एक शेकरू तिच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून फळ कुरतडत होते आणि त्याची टरफले तिच्या केसांत पडत होती. ती हसली. राजा धापा टाकीत मागून आला, तेव्हा ती माथ्यावरच्या उंबराखाली बसून दोन्ही हातांनी उंबरे खात होती, आणि महर्षी दार्भायण जवळ उभे राहून तिला आणखी वेचून देत होते.

भद्रांगद तेथेच गुडघे टेकून रडला. सोळा वर्षे ज्या दृश्यासाठी त्याने नवस केले, ते त्याच्या डोळ्यांसमोर होते. माझ्या मते या एका क्षणापुरता तो खरोखर मोठा माणूस होता. पण आनंद झाला म्हणजे काय करायचे, हे त्याला एकाच प्रकारे ठाऊक होते. त्याने उठून डोळे पुसले आणि आज्ञा दिली की कन्येने अन्न घेतले, त्याप्रीत्यर्थ आज माथ्यावर महाभोजन व्हावे.

मग जे झाले ते लिहिताना माझ्या बोटांना हात धुवावेसे वाटते. तृणभूमीवर चुली पेटल्या, त्यांच्यासाठी जिवंत अंजनी तोडल्या गेल्या. पंगती बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. पाने जेथली तेथे राहिली, वाऱ्याने उडून दरीत गेली, काट्यांत अडकली, धनेशाच्या ढोलीच्या तोंडाशी जाऊन चिकटली. कढी झऱ्यात सांडली. पानांवरचे तूप झऱ्यातच धुतले गेले आणि पाण्यावर पिवळट साय जमली. पोटे तट्ट भरल्यावर मंत्री आणि सामंत, सोयीची जागा म्हणून, त्याच झऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले. हाडकांवर गिधाडे उतरली, त्यांच्यामागे कोल्हे आले. सांबरांनी तुपाने माखलेली पाने खाल्ली; दुसऱ्या दिवशी पोट फुगून, जीभ बाहेर काढून, ती झऱ्याकाठी मरून पडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर माश्यांचा थर चालू लागला. आणि दरबार? दरबार रोज सायंकाळी तक्क्यांवर रेलून पूर्वेच्या निळ्या डोंगरांकडे पाही आणि ‘काय हा निसर्ग!’ म्हणून मान हलवी. कुजलेल्या सांबराच्या पाठीपलीकडून त्यांना ते डोंगर दिसत होते. भाटाने त्यावर श्लोकही रचला.

त्यांना वास येत नव्हता. ते निर्दोष होते, असेही कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही; डोळे तर त्यांना होते.

महाभोजन सुरू होण्याआधीच महर्षी शुचिमतीला घेऊन पर्वताच्या दुसऱ्या अंगाच्या गुहेत राहायला गेले होते आणि वारा तिकडून माथ्याकडे वाहत होता. तिला आठवडाभर नीट अन्न गेले, गालांवर रंग आला. मग वारा फिरला. पहाटे ती झऱ्यावर पाण्याला गेली, ओंजळ तोंडाशी नेली आणि जागीच कोसळली. ओकून ओकून अन्न संपले, मग पाणी, मग रक्त पडू लागले. दार्भायण धावत आले, तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती. राजाही आला. मुलीचे डोके मांडीवर घेऊन तो महर्षींना म्हणू लागला की आपण तर येथे काही नासके नाही म्हणाला होतात.

दार्भायणांनी त्याचा दंड धरला आणि त्याला उठवून त्याच्याच भोजनभूमीवर नेऊन उभे केले.

“राजा, पाहा,” ते म्हणाले. “हे माझे अंगण. येथे मी सहस्र वर्षे एक काडी वाकडी पडू दिली नाही. दोन झोळ्या घेऊन ये, एवढेच मी तुला सांगितले होते. तुझी दुसरी झोळी कोठे आहे?”

राजाने अग्रशर्म्याकडे पाहिले. अग्रशर्म्याने शास्त्रार्थ सांगितला: वाहून नेण्याचा अधिकार ज्यांना आहे, ते अपवित्र असल्यामुळे पायथ्याशी आहेत.

महर्षींनी तो शास्त्रार्थ शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग ते झऱ्याकडे गेले, ते पिवळे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले आणि त्यांचा स्वर सबंध माथ्यावर घुमला.

“तुम्ही हजार जण जे भोगायला हवे होते, ते ही एक मुलगी सोळा वर्षे भोगत आहे. तुमच्या घाणीची किळस हिने तुमच्या वाटणीची सोसली, म्हणून ही मरत आहे. देवी जुगुप्से, या मुलीला सोड. आजपासून प्रत्येक माणसाच्या हृदयात तुझे घर असो. त्यांना आपले कर्म नाकाने कळू दे.”

त्यांनी पाणी भूमीवर सोडले. शुचिमतीच्या मुखातून एक करडा श्वास निघाला, वाऱ्यात मिसळला आणि सर्वांच्या नाकात शिरला.

मेघपृष्ठावर त्यानंतर जे घडले त्याला शोभेल असा अलंकार संस्कृतात नाही. हजार माणसांना एकाच क्षणी वास आला. सामंत आपल्याच बसायच्या जागेवरून किंचाळत उठले आणि सांबराच्या अंगावर पडले. आचारी बुधल्यात ओकले. नर्तकींनी आपले केस हुंगले आणि ते उपटू लागल्या. अग्रशर्म्याला आपल्या जानव्याचा वास आला. पळावे तर स्वतःला सोडून पळणार कोठे? कोणालाही पाण्याचा घोट घेववेना, कारण ओंजळ स्वतःची होती. घास गिळवेना, कारण तोंड स्वतःचे होते. भद्रांगदाने मुलीला उचलायला हात पुढे केला आणि आपला हात पाहून तो मागे घेतला.

शुचिमतीने डोळे उघडले होते. तिला आता कसलाच वास येत नव्हता. ती उठून बसली, शेजारी पडलेले उंबर तिने पुसले आणि खाल्ले.

दोन दिवसांत ती हजार माणसे उपासाने लोळू लागली. राजा सरपटत महर्षींच्या पायांशी आला. त्याने अपराध कबूल केला. प्रजेतही हेच चालले असेल, लेकरे आईच्या अंगाला तोंड लावीत नसतील, असे तो म्हणाला, आणि ते खरे होते.

“महर्षी, शाप मागे घ्या असे मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण ज्याची त्याला किळस आली तर कोणी जगणार नाही. तेवढी एक वगळा. ज्याची त्याला येऊ नये.”

शरण आलेल्याला उःशाप देणे हे ऋषींचे व्रत. तेव्हा शुचिमती पुढे झाली.

“महर्षी, पित्यासाठी मीही याचना करते, पण हा उःशाप देऊ नका,” ती म्हणाली. “हवे तर सगळीच काढून घ्या, मला परत द्या. मला ती सोसायची सवय आहे. अर्धी किळस यांच्या हाती देऊ नका. स्वतःची घाण ज्याला दिसत नाही आणि दुसऱ्याची सोसत नाही, तो काय करील हे मला माझ्या तातांच्या घरी राहून कळते.”

महर्षी थोर होते, तपस्वी होते. पण रानात राहिलेले होते, राजवाड्यात नव्हे. समोर माणसे मरत होती. शिवाय तिचे भोग तिला परत देणे त्यांच्याने होईना. त्यांनी उःशाप दिला.

माणसे ताबडतोब उठून बसली. ज्याने त्याने आपल्या पानाकडे पाहिले, ते ठीक होते. मग शेजारच्याच्या पानाकडे पाहिले आणि नाकाला पदर, उपरणे, जे मिळेल ते लावले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय मेघपृष्ठावर त्या सकाळी प्रथम लागू झाला. हे कोणाचे, ते कोणाचे, यावर सामंतांची हातघाई झाली आणि एकाही पानाला हात न लावता सबंध दरबार नाक दाबून पर्वत उतरून गेला. उतरताना अग्रशर्म्याला एक नवे वचन स्मरले, त्यानुसार पवित्र भूमी शुद्ध करण्याकरिता उष्टी काढणाऱ्यांना वर जाण्यास प्रत्यवाय नव्हता.

पिंगा आणि तिची माणसे वर चढली. त्यांना किळस येत नव्हती असे कोणी समजू नये. शाप माणसामात्राला होता आणि तीही माणसेच होती. ती ओकत होती, तोंड पुसत होती आणि उचलत होती. दरीत उतरून काट्यांतली पाने काढली, मेलेली सांबरे पुरली, झरा उपसून पुन्हा भरू दिला. शुचिमती पहिल्या दिवसापासून त्यांच्यात होती. राजाने निरोपामागून निरोप धाडले की आता तू बरी आहेस, घरी ये. काम संपले की येते, असे ती प्रत्येक दूताला सांगे.

काम संपले तेव्हा ती सगळी सुभोगपुरीच्या तटाशी आली. राजकन्या व्याधीतून उठून येणार म्हणून नगरजन सजून तटावर उभे होते, राजा सर्वांच्या पुढे होता. खाली धुळीच्या वाटेने टोपल्या डोक्यावर घेतलेली माणसे येत होती. वारा त्यांच्याकडून नगराकडे वाहत होता. तटावर प्रथम एकाने नाक दाबले, मग दहांनी, मग शंभरांनी. आणि ज्या घाणीसाठी हे सर्व घडले ती कोणाची होती, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही. घाण उचलणारे समोर होते, तेवढे पुरे होते. कोणीतरी ओरडले की वेस लावा.

शुचिमतीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, मान वर केली आणि पित्याकडे पाहिले. तिच्या गालांवर रंग होता, दंड भरले होते. जिच्यासाठी त्याने सोळा वर्षे देव पाण्यात ठेवले ती त्याची मुलगी निरोगी होऊन त्याच्या दारी उभी होती. भद्रांगदाने तिच्याकडे पाहून हात वर केला. ती त्याला खूण समजली आणि पुढे आली.

राजाने त्या हाताने शेला नाकाला लावला.

वेस लागली. शुचिमतीने टोपली पुन्हा उचलली आणि ती पिंगेच्या माणसांबरोबर तटाच्या मागच्या अंगाला, त्यांच्या वस्तीत राहायला गेली. तो उःशाप अजून कोणी मागे घेतलेला नाही.